दत्तारामदादांचा खुरूज

रियाधच्या कडेला सुलैतल्या बांधकाम कंपनीच्या यार्डात सगळ्यांना मिळून एकच प्रिंटर होता, आणि दिवसभर त्याच्या नावानं बोटं मोडणं हा तिथला मोठाच उद्योग होता. ट्रकवाल्यांचे गेटपास, स्टोअरची मागणी, सेफ्टीवाल्यांची परमिटं, हजेरीचे तक्ते, जे काही छापायचं ते त्याच एका पेटीतून बाहेर पडायचं. त्यातले निम्मे कागद शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हेड ऑफिसातून पाठवलेले असत. तिथला माणूस बटण दाबणार आणि कागद इथे सुलैत पडणार. पडला नाही की फोन उदयला. प्रिंटर गप्प बसला तरी उदयची चूक, आणि नको ते छापत सुटला तरी उदयचीच.

उदय नाशिकचा. नेटवर्क, सर्व्हर, कॅमेरे, म्हणजे ज्याला म्हणून वायर लागते ते सगळं कंपनीनं त्याच्या गळ्यात मारलं होतं. प्रिंटरचा सर्व्हर म्हणजे त्याच्या टेबलाखालचा एक जुना डबा. त्याला ना माऊस ना चित्रं, नुसती काळी स्क्रीन आणि तिच्यावर टाइप करायच्या ओळी. एलपीक्यू असं लिहिलं की रांग दिसायची: कोणाचा कागद कितवा, पाठवला कोणी, फाइलचं नाव काय. एक ओळ लिहिली की मागचा कागद पुढे यायचा, एक लिहिली की रद्द व्हायचा. आणि आणखी एक ओळ होती होल्डची. ती लिहिली की तेवढाच कागद रांगेत अडकून राहायचा, बाकीचे त्याला वळसा घालून छापले जायचे, आणि उदय सोडेपर्यंत तो काही बाहेर यायचा नाही. लोकांना याचा सुगावा लागल्यापासून उदयचा भाव वधारला होता. ट्रक उन्हात लावून आलेला ड्रायव्हर खिडकीतून डोकं आत घालून म्हणायचा, भाई, मेरावाला आगे ले लो. आणि उदय घ्यायचा. माणूस मुळातच भिडस्त, नाही म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही.

खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. का नाही आवडणार? क्रेन चालवणाऱ्याला यार्डात मान, वेल्डरला मान, संगणकवाल्याला विचारतो कोण? इथे चार अक्षरं टाइप केली की कोणाची तरी दुपार वाचत होती. फक्त झालं काय, की न मागता उपकार करायचीही त्याला सवय लागली, आणि समोरच्याला काय हवंय ते विचारायचं हळूहळू सुटत गेलं.

त्या हिवाळ्यात कंपनीला उतरती कळा लागली होती. मोठं काम संपलेलं, नव्याचा पत्ता नाही, आणि दर गुरुवारी हेड ऑफिसचा इसहाक काही नावं पाठवायचा. इसहाक हैदराबादचा, एचआरमधला, स्वभावानं अगदी गरीब गाय. पण त्याच्याकडून येणाऱ्या कागदाचा सगळ्यांना धसका. फाइलचं नाव ठरलेलं असायचं: क्लिअरन्स, मग फायनल एक्झिट, मग माणसाचं नाव. फायनल एक्झिट म्हणजे इथला कारभार आटोपून कायमचं घरी. कामगारांच्या कॅम्पात सगळे त्याला अरबीतला शब्द वापरतात, खुरूज. हल्ली खुरूज कॉम्प्युटरवरच निघतो, पण या कंपनीची रीत अशी की आधी क्लिअरन्सचा कागद यार्डात छापायचा, त्यावर स्टोअरची, कॅम्पची आणि सर्वांत शेवटी मुदीरची, म्हणजे मोठ्या साहेबांची, शाईची सही घ्यायची, आणि मगच इसहाक खुरूज काढणार. कागद नाही तर सही नाही, सही नाही तर खुरूज नाही. मुदीर गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत यार्डात बसून सह्या करायचे, आणि मग शुक्रवार-शनिवार सुट्टी.

या रीतीत एक फट होती, आणि ती उदयनं डोळ्यांनी पाहिली होती. चंदन नावाच्या वेल्डरचा कागद यायचा त्याच गुरुवारी प्रिंटरचा रोलर खरोखरच तुटला. कागद निघाला नाही, सही राहिली. रविवारी प्रोजेक्ट इंजिनिअर मनीषसाहेबांना किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या साइटवर वेल्डर कमी पडला, आणि त्यांनी चंदनला उचलून तिकडे नेलं. चंदन अजून तिथे कामाला आहे. यार्डात सगळे म्हणाले, पोराचं नशीब बलवत्तर. उदय मनात म्हणाला, नशीब कसलं, दोन दिवस मिळाले म्हणून वाचला. ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली.

आता दत्ताराम. संगमेश्वरकडचे, सुतारांचे फोरमन, पन्नाशी ओलांडलेले. बोलणं कमी, हाताखालच्या माणसांवर ओरडणं तर नाहीच. उदय नवा नवा आला होता तेव्हा त्याला कांजिण्या झाल्या. खोलीतले तिघेही गादी गुंडाळून दुसरीकडे पळाले, आणि दत्ताराम मात्र आपली गादी घेऊन त्याच्या खोलीत राहायला आले. पेज करून पाजली, अंगावर लिंबाचा पाला फिरवला, तोही सुलैसारख्या ओसाड जागी कुठून पैदा केला कोण जाणे. तेव्हापासून उदय त्यांना दादा म्हणायचा. संध्याकाळी ते घरी व्हिडिओ कॉल लावायचे, त्यात त्यांची बायको पारू आणि लेक ओवी दिसायची. उदय तिथे असला तर ओवी त्याला काका म्हणून हाक मारायची आणि नर्सिंगच्या परीक्षेच्या कुरबुरी सांगायची. तिचं शेवटचं वर्ष चाललं होतं.

त्या गुरुवारी जेवण करून उदय टेबलाशी बसला, सवयीनं रांग बघितली. इसहाकचा कागद होता. क्लिअरन्स, फायनल एक्झिट, दत्ताराम.

त्यानं ती ओळ दोनदा वाचली. दादांना काढलं. या वयात दुसरीकडे कोण घेणार? ओवीचं शिक्षण अर्धवट राहणार. आणि त्यांना पत्ताही नसेल, बिचारे खाली शेडमध्ये फळ्या कापत असतील. पुढचे दोन गेटपास छापून झाले, आता दादांचाच नंबर होता. विचार करायला वेळच नव्हता, निदान उदयला तसं वाटलं. त्यानं होल्डची ओळ लिहिली आणि एंटर मारलं. मागचे कागद दादांच्या कागदाला ओलांडून सटासट छापले जाऊ लागले.

मग त्यानं मनात सगळं नीट जुळवलं. रविवारी मनीषसाहेब यार्डात येणार. फोनवर असल्या गोष्टी होत नाहीत, समोर बसून, चहा घेत सांगावं लागतं. साहेब मराठी माणूस, दादांचं काम जाणतात, तिकडच्या साइटवर फॉर्मवर्कच्या लाकडी साच्यांना फोरमन लागतोच. तोवर कागद दाबून ठेवायचा, बस्स. इसहाकला एक फोन केला असता तर एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता. पण फोन केला तर उदय रांगेतली नावं वाचतो हे हेड ऑफिसला कळलं असतं, आणि ते त्याला नको होतं. तसाही इसहाक कागद पाठवून लगेच बायकामुलांना घेऊन मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला, निघालेल्या बसमध्ये बसला होता.

थोड्या वेळानं दत्ताराम स्वतःच ऑफिसात आले. हातपाय धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. उदयकडे बघून मान हलवली आणि थेट प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले. एकेक कागद बाहेर आला की वाकून बघायचे, नीट थप्पी लावून ठेवायचे आणि पुन्हा उभे राहायचे. उदयनं मनाशी ताडलं. म्हणजे यांच्या कानावर गेलंय. इस्त्रीचा शर्ट घालून मुदीरच्या पाया पडायला आले असणार. आपल्याच गळ्यावरच्या सुरीची वाट बघत उभा राहिलेला माणूस त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

शेवटी दत्तारामनी विचारलं, "हेड ऑफिसचं काही यायचं राहिलंय का रे?"

"तिकडची लाइन बंद आहे, दादा," उदय म्हणाला. खोटं बोलताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "आज काही येत नाही. तुम्ही जा, आराम करा."

"रात्रीपर्यंत होईल का चालू?"

"रविवारीच आता."

दत्तारामांचा चेहरा उतरला. उदयला तो दिसला, पण माणूस हबकलेला असला की असाच दिसणार, असं म्हणून त्यानं तो मनाआड केला. दत्ताराम काहीतरी बोलणार होते. ओठ हलले, पण मग त्यांनी थप्पी लावलेले कागद एकदा सरळ केले आणि बाहेर पडले. अंगणात मुदीरची गाडी उभी होती. दत्ताराम तिच्याजवळ जरा रेंगाळले, हात रिकामे होते म्हणून की काय, आत गेले नाहीत. असर झाली, मुदीर बाहेर आले, गाडीत बसले आणि निघून गेले. उदयनं सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवशी तो बऱ्याच महिन्यांनी खुशीत जेवला.

शुक्रवारी कॅम्पात कोकणातली मंडळी मिळून मासे करायची. त्या दिवशी सुरमई आणली होती, आमटी उकळत होती, आणि दत्तारामांचा पत्ता नव्हता. त्यांच्या खोलीतला बाळाराम प्लंबर ताटं मांडता मांडता म्हणाला की दादा काल संध्याकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत, पाण्याचा घोटही घेतला नाही, विचारलं तर काही नाही म्हणतात. उदयनं ताट तसंच ठेवलं आणि खोलीत गेला. बातमी देऊन टाकावी, माणसाला धीर तरी येईल, असं त्याला वाटलं. आत जाताना तो चक्क हसत होता.

तो त्यांच्या पलंगाच्या कडेला बसला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "दादा, तुमचा कागद मी अडवलाय. रविवारपर्यंत तुम्हाला कोणी हात लावत नाही. मनीषसाहेबांशी मी बोलतो."

दत्ताराम उठून बसले. त्यांना आधी कळलंच नाही, मग कळलं.

"तो मी मागून घेतला होता, उदय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. पारूला कावीळ झाली होती. गावठी औषधात दिवस गेले, कावीळ आत उतरली, आणि आता पारू रत्नागिरीत इस्पितळात होती. डॉक्टरांनी ओवीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की वडिलांना बोलावून घे. दत्तारामनी रजा मागितली. कंपनी म्हणाली, सध्या रजा सगळ्यांच्याच बंद आहेत, जायचं असेल तर कायमचं जा. त्यांनी क्षणभर विचार केला नाही, म्हणाले कायमचा जातो. मुदीर भला माणूस, त्यांनीच निरोप दिला होता की गुरुवारी कागद घेऊन या, उभ्या उभ्या सही करतो, खुरूज रात्रीच निघेल. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाचं तिकीटही काढलेलं होतं. पलंगाखाली भरलेली बॅग होती, ती उदयला आता दिसली.

"मला का नाही सांगितलंत?" उदयच्या तोंडून निघून गेलं.

पण उत्तर त्याला ठाऊक होतं. कॅम्पात जाणारा माणूस खुरूज हातात पडेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. आजवर कितीकांनी आधी सांगितलं, मिठाई वाटली, आणि ऐनवेळी सगळं मोडलं. बोललं की मोडतं, हे सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. मरणाच्या दारातली बायको असली तरी ती रीत सुटत नाही, किंवा असली म्हणूनच माणूस ती जास्त घट्ट धरतो.

"कागद हातात आला की पहिलं तुलाच सांगणार होतो," दत्ताराम म्हणाले. "म्हणून तर तिथे उभा होतो."

उदय उठला तो धावतच सुटला. यार्ड रस्त्यापलीकडे. वॉचमननं कुलूप काढलं, उदयनं डब्यासमोर बसून कागद सोडायची, रिझ्यूमची, ओळ लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा प्रिंटर घरघरला आणि कागद बाहेर आला. गरम होता. दत्तारामांचं नाव, राहण्याच्या परवान्याचा इकामा नंबर, सह्यांच्या रिकाम्या चौकटी. सारं ऑफिस बंद होतं, खुर्च्या टेबलांत सरकवलेल्या, आणि सही करायला चिटपाखरू नव्हतं. काल याच वेळी याच खोलीच्या पलीकडे मुदीर पेन उघडून बसले होते. उदयला तो कागद हातात धरवेना.

स्टोअरकीपर आणि कॅम्पबॉस कॅम्पातच राहायचे, त्यांच्या सह्या लगोलग मिळाल्या. मुदीर मात्र सुट्टीला हफ्र अल बातिनच्या बाजूला वाळवंटात तंबू ठोकून राहिले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. संध्याकाळी इसहाकचा फोन लागला. तो मक्केत होता. ऐकून रडकुंडीला आला, म्हणाला मैं तो भेज के निकला था भाई, मेरे सामने चला गया था. खुरूज तो मोबाइलवरून दोन मिनिटांत काढायला तयार होता, पण मुदीरच्या सहीशिवाय त्याचे हात बांधलेले. संध्याकाळचं विमान दत्तारामांना न घेताच गेलं. त्या वेळी ते खोलीत फोन कानाला लावून बसले होते. पलीकडून पारू विचारत होती, निघालात का. दत्ताराम सांगत होते, निघतोय. उदय दारात उभा राहून ते ऐकत होता आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं.

शनिवारी उजाडता उजाडता उदयनं कंपनीचा पिकअप काढला. मुदीर नेमके कुठे आहेत हे माहीत नव्हतं, पण हातावर हात धरून बसण्यापेक्षा त्यांच्या दिशेनं जाणं बरं. दत्ताराम शेजारी बसले, कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मांडीवर. दोन्ही बाजूंना सपाट माळ, थंडीची धूळ, मधूनच उंटांचा कळप. दत्तारामनी दोष दिला असता तर उदयला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ते फक्त अधूनमधून फोनची बॅटरी बघत होते.

अर्ध्याहून जास्त रस्ता गेल्यावर मुदीरचा फोन लागला. उदयनं मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. ते म्हणाले, आहात तिथेच पेट्रोल पंपावर थांबा, मीच येतो. आणि आले, स्वतः गाडी चालवत, अंगातल्या अरबी झग्यावर वाळू, पायात नुसत्या चपला. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली, तिथूनच इसहाकला फोन लावला, आणि दत्तारामांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की अल्लाह तिला बरं करो. मग उदयकडे वळून विचारलं, गुरुवारी असरपर्यंत मी याच कागदासाठी बसलो होतो, तो का आला नाही?

उदयनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी दत्तारामच बोलले. हिंदीत म्हणाले, "लाइन बंद था, मुदीर."

परतीच्या वाटेवर इसहाकचा मेसेज आला की खुरूज निघाला आणि रविवारी सकाळच्या विमानात जागा मिळाली. उदयच्या जिवात जीव आला. पोचतील, अजूनही पोचतील. त्यानं गाडीचा वेग वाढवला, जणू रियाध जवळ आलं की रत्नागिरीही जवळ येणार होती. तेवढ्यात दत्तारामांचा फोन वाजला. ओवीचा होता. दत्तारामनी ऐकलं. ऐकताना त्यांनी दुसरा हात डॅशबोर्डवर टेकवला होता आणि तो तिथेच राहिला.

"नको, थांबू नका माझ्यासाठी," ते म्हणाले. "उद्यापर्यंत तिला असं नका ठेवू. तूच अग्नी दे, बाय. गावातल्या काकांना म्हणावं मी सांगितलंय."

फोन खाली ठेवून ते काचेतून समोर बघत राहिले. उदयनं गाडी कडेला घेतली. बाजूनं ट्रक जात राहिले. मग दत्ताराम म्हणाले, चल, गाडी चालव. उदयनं चालवली. सुलै येईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरचा रस्ता पुसट होत राहिला आणि तो शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिला.

रविवारी सकाळी उदयच त्यांना विमानतळावर घेऊन गेला. बॅग उचलायला तो पुढे झाला, पण दत्तारामनी आधीच उचलली होती. कॅम्पातली चार माणसं यायला निघाली होती, त्यांना दादांनीच नको म्हटलं होतं. आत जाण्याच्या दाराशी उदयला राहवेना.

"दादा, काहीतरी बोला," तो म्हणाला. "शिव्या द्या, मारा मला."

दत्तारामनी बॅग खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता शीण होता.

"ओवीला मी सांगितलंय, कंपनीनं सोडलं नाही," ते म्हणाले. "ती कंपनीला शिव्याशाप देतेय, देऊ दे. तुझं तिला कधी कळता कामा नये. तुला ती काका म्हणते. तिला आता माणसं किती उरलीत? त्यातलं एक मी माझ्या हातानं कशाला कमी करू?"

उदयनं हात जोडले.

"पण मला फोन करू नकोस," दत्ताराम म्हणाले. "निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी नको. तुझा आवाज ऐकवायचा नाही मला. तू चांगल्यासाठीच केलंस, ते मला कळतं रे. कळतं म्हणून तर काही बोलता येत नाही."

त्यांनी बॅग उचलली आणि आत गेले. पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलेले ते काचेतून दिसत होते. रांग हळूहळू पुढे सरकत होती आणि ते तिच्याबरोबर सरकत होते. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

उदय गाडीत येऊन बसला. पोलीस काचेवर टकटक करून यल्ला, यल्ला म्हणत गाडी पुढे घ्यायला लावत होता, मागून हॉर्न वाजत होते. किल्ली फिरवणार तेवढ्यात फोनवर मेसेज आला. ओवीचा होता. "काका, बाबा म्हणाले तुम्ही वाळवंटात जाऊन सही आणलीत, म्हणून ते एवढे तरी लवकर सुटले. नाहीतर त्यांना दहाव्यालासुद्धा येता आलं नसतं. आई असती तर तिनंच फोन केला असता. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही."

उदयनं उत्तर लिहायला घेतलं. खरं काय ते त्यानं सगळं लिहिलं, एका दमात. मग दादांचा शब्द आठवला, आणि त्यानं ते अक्षर अक्षर पुसून टाकलं. त्या जागी लिहिलं, "बाबांना जप." आणि पाठवून दिलं. लगेच ओवीनं नमस्काराचे हात पाठवले, आणि ते बघून उदय स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला.